आजाऱ्याचं तेल

सव्वीस वर्षं दर रविवारी मी गुडघे तिरके करून नवऱ्याला वाट दिली. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेत, कम्युनियनची वेळ झाली की बाकावरचे सगळे उठायचे, रांगेतून पुढे जायचे, ती पांढरी चकती जिभेवर घेऊन हात जोडून परत यायचे. मी बसलेली. नवरा कॅथलिक, मी प्रोटेस्टंट पाळकाची मुलगी. आमच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती पांढऱ्या, समोर एक साधा लाकडी क्रूस, आणि पाळकाच्या घरातला पहिला धडा असा की देव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा नको. लग्नाच्या वेळी आमचं ठरलं होतं, तो मला त्याच्या देवळात ओढणार नाही आणि मी त्याला त्यातून सोडवणार नाही. दोघांनीही शब्द पाळला. मी सोबत म्हणून जायचे आणि त्या पाच मिनिटांपुरती पिशव्या सांभाळणारी बाई व्हायचे. परत आला की तो बराच वेळ डोळे मिटून बसे. तेवढ्या वेळात तो माझा नसे. हे मला कधीच आवडलं नाही, पण त्याला कधी सांगितलंही नाही.

त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची. बोटांना वार्निशचा वास कायमचा. यकृताचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना तो म्हणाला, "आपली वाइंडिंग गेली, बाई. ही काही परत भरता येत नाही." मी त्याच्यावर ओरडले. मला ओरडायला वेळ लागत नाही.

शेवटचे दिवस घरीच काढायचे ठरलं. एका गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "फादरना फोन कर. तेल लावून जाऊ देत."

तेल म्हणजे आजाऱ्याचं तेल. फादर येतात, प्रार्थना म्हणतात, आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना ते लावतात, त्याला धीर यावा, बळ मिळावं म्हणून. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की फादर तेलाची कुपी घेऊन ज्या घरात शिरतात त्या घरातून दोन दिवसांत माणूस जातो. आमच्यात असलं काही नव्हतं. माझी आई आजारी पडली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोणालाही बोलावलं नाही. स्वतः उशाशी बसून तिची आवडती गीतं म्हणत राहिले, आवाज बसला तरी. तेल मागवायचं म्हणजे हात टेकायचे, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी हात टेकणार नव्हते.

आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. जे काही दिवस उरले होते त्यात मला वाटेकरी नको होता. सव्वीस वर्षं दर रविवारी पाच पाच मिनिटं दिली होती. आता अर्धं मिनिटसुद्धा कोणाला द्यायचं नव्हतं.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उभी राहिले, नळ सोडला, नळ बंद केला. बाहेर येऊन म्हटलं, "केला. येतो म्हणाले."

त्यानं मला त्याला डाव्या कुशीवर वळवायला सांगितलं. डाव्या कुशीवरून दार दिसायचं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. दाराची घंटा त्या तीन दिवसांत चार वेळा वाजली. एकदा औषधवाला, एकदा शेजारीण, एकदा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस आणि एकदा ताई, माझी मोठी नणंद. दर वेळी त्यानं उशीवरून मान उचलली आणि विचारलं, "फादर?" दर वेळी मी म्हटलं, "नाही रे, कुठेतरी अडकले असतील. येतील." ताई आल्या तेव्हा त्यानंच त्यांना सांगितलं, "फादरना बोलावलंय. म्हातारा वहीत लिहायला विसरला असेल." आणि हसला. दुसऱ्याची चूक तो नेहमी अशी हसून घालवायचा. शनिवारी दुपारी चार वाजता तो गेला. तोंड दाराकडेच होतं.

आमच्या फादरना सगळे वहीवाले फादर म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. झग्याच्या खिशात एक लहान वही, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. कोणी काही सांगितलं की ते लगेच लिहून घेत, कारण एकदा कुणाचा साखरपुडा विसरले होते आणि ते लोक अर्धा दिवस देवळाच्या पायरीवर बसून होते. तेव्हापासून लिहिल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.

दफनाच्या वेळी, माती टाकून झाल्यावर, ताई सगळ्यांदेखत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई, आवाज चढवायची गरजच पडत नाही. "तीन दिवस तुमची वाट बघितली त्यानं," त्या म्हणाल्या. "रस्ता ओलांडून यायचं होतं, फादर." फादरांनी खिशात हात घातला, वही काढली, उघडली, पानं मागे-पुढे केली. मग बंद केली आणि म्हणाले, "माझं चुकलं असणार." मी दोन पावलांवर होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे माझ्याकडून कोणाला बोलण्याची अपेक्षा नव्हती. विधवा असण्याचा हा एक फायदा मी पहिल्याच दिवशी घेतला.

महिनाभरानं मी कामावर परत गेले. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत माझं मशीन आहे. नंबरप्रमाणे आलेली गोल काच फ्रेमच्या आकारात घासायची, कडांची धार मोडायची, बसवायची. पुढे काउंटरवर मालकीणबाई असतात. एका दुपारी त्यांनी आत डोकं घातलं, "फादर आलेत, तुझ्याकडेच काम आहे म्हणतात." त्यांच्या चष्म्याची नाकावरची एक गादी निघाली होती. मी ती बसवली, दोन्ही काड्यांचे स्क्रू आवळले, काचा पुसून चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला नाही.

"मी ती वही रोज बघतो," ते म्हणाले. "गुरुवारचं पान कोरं आहे. शुक्रवारचंही. म्हणजे तुमचा फोन आला आणि मी लिहिलाच नाही. फोन आल्याचंही मला आठवत नाही, हे त्याहून वाईट. मी मदतीला असलेल्या तरुण फादरना सांगून टाकलंय, आजाऱ्यांचे फोन आता तुम्हीच घ्या, माझ्याकडे देऊ नका." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मला माफ करता आलं तर बघा. घाई नाही."

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हटलं, "काड्या ढिल्या झाल्या तर परत या." ते गेले. मी मशीनवर पुढची काच चढवली आणि चुकीच्या बाजूनं घासून वाया घालवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. अप्पांनी शिकवलं होतं तसं मी सरळ देवाला सांगून पाहिलं. खोलीचं दार लावून, गुडघे टेकून, मोठ्यानं. पण सांगून उठले की पुन्हा ते कोरं पान समोर. देवानं ऐकलं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाच पोच मिळत नव्हती.

आणि मग मला वाटलं, की मला वाट सापडली. मी त्यांच्यात जायचं. त्यांच्यात आले की माझा नव्यानं बाप्तिस्मा होणार, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं मागचं सगळं धुऊन निघतं, एवढं मला लहानपणापासून पाठ होतं. कोणाला काही सांगायचं नाही, नावं घ्यायची नाहीत, डोक्यावर पाणी पडलं की झालं. नवऱ्याची इच्छाही पुरी होईल, म्हणजे त्यानं कधी बोलून न दाखवलेली. एका दगडात दोन पक्षी. चोराला पळवाट कशी दिसते ते मी तेव्हा शिकले.

फादरना सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. मी त्यांना माफ केलं असा त्यांनी अर्थ घेतला. मी तो घेऊ दिला.

ताईंनाही आनंद झाला. नव्यानं येणाऱ्याच्या मागे एक जाणतं माणूस उभं राहावं लागतं, जामीन राहिल्यासारखं, दृढीकरणाच्या, म्हणजे कपाळाला तेल लावून विश्वास पक्का करण्याच्या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला. ताई म्हणाल्या, "मी उभी राहीन. दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही." आणि मग, "त्या म्हाताऱ्याच्या हातून घ्यावं लागणार तुला, एवढंच मला खुपतं."

ताई स्वतः त्यांच्या हातून काही घेत नव्हत्या. भाऊ गेल्यापासून त्या रविवारी देवळात येत, माझ्याशेजारी बसत, पण कम्युनियनला उठत नसत. "मनात राग ठेवून जायचं नसतं," त्या म्हणाल्या. "राग जात नाही, तर काय करू?" लहानपणापासून एक रविवार न चुकवलेली बाई. आता बाकावर आम्ही दोघी, आणि बाकीचे आम्हाला ओलांडून पुढे जात. त्यांच्या तोंडचा घास मीच काढून घेतला होता, हे मला शेजारी बसून दर रविवारी दिसत होतं.

शिकवणी सात महिने चालली. बुधवारी संध्याकाळी, देवळाच्या मागच्या खोलीत. एकदा फादरांनी भिंतीतलं लहान कपाट उघडून तीन चांदीच्या कुप्या दाखवल्या. "हे बाप्तिस्म्याआधीचं. हे दृढीकरणाचं, सुगंधी. आणि हे आजाऱ्याचं." तिसऱ्या कुपीवर धुळीचा पातळ थर होता. त्यांनी बाहीनं पुसला. "आजाऱ्यांकडे आता तरुण फादर त्यांची वेगळी कुपी नेतात," ते म्हणाले आणि कपाट बंद केलं.

शेवटी मीच विषय काढला, "बाप्तिस्मा कधी?"

"तुमचा?" ते हसले. "तुमचा झालाय की. तुमच्या वडिलांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी घातलं ना? मग झाला. आम्ही तो मानतो. बाप्तिस्मा एकदाच. तुम्ही फक्त फादरपुढे पापनिवेदन करायचं, बाप्तिस्म्यापासून आजपर्यंतचं. काय केलं आणि किती वेळा. मग दृढीकरण, मग कम्युनियन." मला बरं वाटावं म्हणून ते हे सांगत होते. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी काडी शोधली. "पण कागद नाही, फादर. कुठे गेला कोणास ठाऊक. झाला की नाही, कोणी सांगावं." ते म्हणाले, "पाणी घालणाराच हयात आहे तर कागद कशाला? चार ओळी लिहून द्या म्हणावं."

मला वाटलं, अप्पा सुटका करतील. मी आपला पंथ सोडून चालले म्हणून त्यांनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ते कसले लिहून देतात. तरी फोन केला आणि फादर म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

"माझं पाणी मानतात ते?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"परत घालणार नाहीत?"

"नाही."

तिसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दोन बस बदलून माझ्या दारात उभा. खिशात दोन घड्या घातलेला कागद, त्यावर त्यांचं ते तिरपं, सुबक अक्षर. माझ्या बाप्तिस्म्याची तारीख, वार, वेळ. "बाळ रडलं नाही," असंही लिहिलं होतं. चहा पिताना म्हणाले, "तू जाऊ नयेस असं मला आजही वाटतं. पण पोरी, मला वाटलं होतं की ते माझा हात पुसून टाकतील." मी त्यांच्यासमोर रडले. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी रडते. ज्यांच्यापासून मी खरं लपवलं होतं त्या एकेकाला असा भलताच अर्थ लागत होता, आणि प्रत्येक जण त्यावर माझ्याशी चांगलं वागत होता.

रविवार ठरला. आदल्या दिवशी सकाळी पापनिवेदन. बाहेरचे एक पाहुणे फादर आले होते आणि दोन ठिकाणी सोय होती. पाहुण्यांकडे रांग मोठी, कारण ते दोन मिनिटांत मोकळं करत. वहीवाल्या फादरांकडे कोणी नव्हतं. माझ्या पुढची बाई मागे वळून कुजबुजली, "त्यांच्याकडे जायला हरकत नाही खरं तर, संध्याकाळपर्यंत विसरतील." आणि खुदकन हसली. मी पाहुण्यांच्याच रांगेत होते. अनोळखी माणूस, अनोळखी कान, उद्या कुठल्या कुठे निघून जाणार. क्षमा तीच मिळते, कुठेही सांगा, हे मी शिकले होते.

समोर, लाकडी जाळीच्या मागे, म्हातारा एकटा बसला होता. चष्मा काढून काचा पुसत होता. पुसून झाल्या, लावला, कोणी येत नाही बघून परत काढला. ती नाकाची गादी मी बसवलेली. मी रांग सोडली.

गुडघे टेकले. जाळीतून त्यांचा कान दिसत होता. आधी बारीकसारीक सांगितलं. चिडणं, तोडून बोलणं, शेजारणीबद्दल काय काय. मग थांबले. त्यांनी घाई केली नाही.

"नवऱ्यानं तुम्हाला फोन करायला सांगितला," मी म्हटलं. "मी केला नाही. केला असं त्यांना सांगितलं."

मी जाळीच्या आणखी जवळ सरकले.

"तुमचं पान कोरंच असणार होतं, फादर. फोन आलाच नव्हता."

मी त्यांचा श्वास ऐकला. आत गेला आणि कितीतरी वेळानं बाहेर आला. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मला चालल्या असत्या.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं. आवाज घोगरा होता.

"फोनचं एकदा. मग घंटा चार वेळा वाजली. चारही वेळा म्हटलं, येतील."

"त्यांना भीती वाटत होती?"

"नाही. वाट बघत होते."

ते म्हणाले, "त्यांच्या नावानं एकदा 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा. सावकाश म्हणा."

"एवढंच? आणि तुमचं काय, फादर? तुम्हाला लोक—"

"इथे माझं काही नसतं," ते म्हणाले. "इथे तुमचंच." आणि त्यांनी हात वर केला आणि क्षमेचे शब्द म्हटले. शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मी बाकावर जाऊन प्रार्थना म्हणू लागले आणि 'आम्ही जशी क्षमा केली आहे' याच्या पुढे जाईना. तीनदा सुरू केली.

मला क्षमा मिळाली होती, याबद्दल शंका नव्हती. अनेक महिन्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. ताईंना सांगायला हवं हे कळत होतं, पण मी स्वतःला समजावलं की रविवार होऊन जाऊ दे, मग सवडीनं, चांगला दिवस बघून. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुठे बोलू शकत नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही. म्हणजे माझ्याकडे सवडच सवड होती.

रविवारी सकाळी मी आणि ताई देवळाच्या दाराशी पोचलो. फादर पायरीवर उभे राहून येणाऱ्यांना नमस्कार करत होते. ताईंनी नवी पांढरी साडी नेसली होती. त्या त्यांच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "आज काय आहे ते तरी लक्षात आहे ना, फादर?"

मागचे दोघे-तिघे हसले. मी फादरांकडे बघितलं. या माणसाला आता ठाऊक होतं की तो विसरला नव्हता. त्याचं डोकं शाबूत होतं, त्याचं पान बरोबर होतं. एक शब्द बोलायची मुभा नव्हती, पण निदान माझ्याकडे एकदा नजर टाकता आली असती. त्यांनी तीही टाकली नाही. खिशातली वही काढून ताईंना दाखवली आणि म्हणाले, "लिहून ठेवलंय, बाई. या, आत बसा."

मला ते सहन झालं नाही.

मी ताईंचा दंड धरून त्यांना दाराच्या आत, पवित्र पाण्याच्या कुंडाशी बाजूला घेतलं. "ताई, त्यांना फोन गेलाच नव्हता," मी म्हटलं. "मी केला नाही. तुमच्या भावाला खोटं सांगितलं. ते विसरले नाहीत. मी बोलावलंच नाही."

ताई कुंडातल्या पाण्यात बोटं बुडवत होत्या. बोटं तशीच राहिली. "हे मला आत्ता सांगतेस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"का केलंस?"

"मला तो माझ्याकडेच हवा होता."

आत घंटा झाली, लोक उठून उभे राहिले. ताईंनी बोटं बाहेर काढली, क्रूसाची खूण केली नाही, ओला हात साडीला पुसला आणि सरळ चालत जाऊन आमच्या बाकावर बसल्या. मी मागोमाग गेले. आमच्या दोघींत एक माणूस बसेल एवढी जागा होती.

माझं नाव पुकारलं. मी पुढे जाऊन उभी राहिले, जे म्हणायचं होतं ते म्हटलं. फादरांनी दुसरी कुपी उघडली, अंगठा बुडवला आणि माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. सगळं देऊळ बघत होतं. फादर अंगठा तसाच धरून थांबले. एक थेंब ओघळून त्यांच्या मनगटावर गेला. मी मागे वळले नाही. वळायचा हक्क मला नव्हता.

मग चपलांचा आवाज आला, सावकाश, मधल्या वाटेवरून. ताईंचा हात माझ्या उजव्या खांद्यावर आला. त्याला वजन नव्हतं. तापल्या तव्याला लावावा तसा तो नुसता टेकलेला होता. पण तो होता. फादरांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला. तेल गार होतं, त्याला गोड वास होता आणि ते भुवईकडे उतरू लागलं.

कम्युनियनची वेळ झाली. बाकावरचे सगळे उठले. मला वाटलं, ताईही उठतील. फादरांवरचा राग तर आता संपला होता. त्या उठल्या नाहीत. राग तोच होता, फक्त माणूस बदलला होता, आणि मनात राग ठेवून जायचं नसतं. त्यांनी माझ्याकडे न बघता गुडघे तिरके केले आणि मला वाट दिली.

मी रांगेतून गेले. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. "आमेन," मी म्हटलं. चकतीला काही चव नव्हती. ती टाळूला चिकटली. मी परत आले, त्या तिरक्या गुडघ्यांवरून आत सरकले आणि डोळे मिटले. सव्वीस वर्षं तो या वेळात कुठे जातो याचा मला राग होता. मला वाटलं होतं, आता कळेल. मला फक्त तो डाव्या कुशीवर दिसला.

"मी शुक्रवारी आले होते," ताई हळूच म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या. "मी घंटा वाजवली तेव्हाही त्यानं विचारलं होतं, फादर म्हणून?"

"हो."

"असं किती वेळा?"

"चार."

त्यांनी मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे. तेल अजून ओलं होतं. त्यांनी रुमाल काढला आणि भुवईवर उतरलेला ओघळ पुसला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, पण जरा जोरानं.

"त्याला एवढंच तर हवं होतं," ताई म्हणाल्या.